आरोच्या जुन्या बोदेगात जाताना: एका दिवसाचं टेस्टिंग कसं करावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही दोघं आणि तुमचे आई-बाबा बिल्बाओहून एका दिवसासाठी स्पेनच्या रिओखा भागात जाणार आहात. आरो गावातल्या तीन बोदेगा, म्हणजे वाइनघरं, एकाच दिवसात बसवल्या आहेत आणि त्यांतली एक लोपेझ दे एरेदिया, म्हणजे 1877 पासून एकाच घराण्याकडे असलेली. नाशिकला तुम्ही दोनदा टेस्टिंग केलंय, पण "तिथली जुनी वाइन आम्हाला कळेल का" ही धाकधूक आहे. बाबा अजिबात घेत नाहीत, त्यांचं सुतारकामाचं वर्कशॉप होतं. आई अंडंही खात नाहीत. काय करायचं, काय विचारायचं, काय आणायचं?

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. नाशिकच्या वायनऱ्यांत काही वर्षं काम केलं, रिओखात दोन हंगाम तोडणीला आणि तळघरात राबले, आणि आता दरवर्षी मराठी मंडळींचे छोटे गट घेऊन तिथे जाते. त्या अनुभवावरून सांगते.

सगळ्यात आधी, तीनपैकी दोन बोदेगा रद्द करा. आवाहन म्हणून नाही, अगदी आग्रहाने सांगते. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत नाक आणि जीभ दोन्ही दमलेली असतात, उभं राहून राहून आईंचे पाय दुखत असतात आणि डोक्यात तिन्ही तळघरांची सरमिसळ होते. एकच बोदेगा, लोपेझ दे एरेदिया, सकाळी निवांत पाहा, मग गावात जेवा. दुपारी वेळ उरलाच तर त्याच पेठेतल्या दुसऱ्या एखाद्या बोदेगाच्या बारवर उभ्याने एखादा ग्लास घ्या, टूर नको.

ती पेठ म्हणजे 'बारिओ दे ला एस्तासिओन', रेल्वे स्टेशनची वस्ती. आरो गाव वर टेकाडावर आहे आणि ही वस्ती खाली, तिरोन नदीच्या पलीकडे. (नाव इंग्रजी एचने लिहितात, पण स्पॅनिशमध्ये तो उच्चारत नाहीत. बसच्या तिकीट खिडकीवर 'हारो' म्हणालात तर समोरचा क्षणभर गोंधळेल, 'आरो' म्हणा.) एवढ्याशा जागेत इतकी जुनी वाइनघरं एकमेकांना खेटून का उभी राहिली, त्याचं कारण रूळ आहेत. 1863 मध्ये बिल्बाओ-तुदेला रेल्वे इथून गेली. त्याच सुमाराला फ्रान्सच्या द्राक्षबागांत फायलोक्सेरा शिरला. ही मुळांवर जगणारी मव्यासारखी बारीक कीड. तिने फ्रान्सच्या बागाच्या बागा वाळवल्या आणि बोर्दोचे व्यापारी वाइन शोधत डोंगर ओलांडून इकडे आले. येताना 225 लिटरच्या ओक बॅरलमध्ये वाइन मुरवण्याची त्यांची पद्धतही आली. पिंपं भरायची आणि थेट वॅगनमध्ये चढवायची, म्हणून घरं स्टेशनला लागून. लोपेझ दे एरेदिया 1877 चं, कूने 1879 चं, ला रिओखा आल्ता 1890 चं. पुढे ती कीड रिओखातही पोचलीच, पण तोवर ही घरं उभी राहिली होती.

तुमच्या तारखा फार चांगल्या पडल्या आहेत. आपल्याकडे निफाड-दिंडोरीत ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी चालते, माणसं काडी मोजत असतात, काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, पेस्ट लावत असतात. तिथे त्याच आठवड्यांत तोडणी असते. आपली वेल झोपत नाही, म्हणून आपण एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी करून तिच्याकडून एक पीक घेतो. तिथली वेल थंडीत पानं टाकून गाढ झोपते आणि एकाच छाटणीवर जगते. एब्रो नदीच्या वळणात विन्या टोंडोनिया नावाची लोपेझ दे एरेदिया घराण्याची मोठी बाग आहे. फायलोक्सेराच्या तडाख्यानंतर, 1913-14 मध्ये तिची लागवड सुरू झाली, आज ती शंभर हेक्टरांच्या वर आहे. मांडव नाही, तारा नाहीत, गुडघ्याएवढी झुडपं. आपण डॉगरिज नावाच्या काटक वेलीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या भागावर, कलम करतो ते खारं पाणी आणि पाण्याची टंचाई सोसायला. त्यांनी अमेरिकी खुंटावर कलमं बांधली ती त्या किडीपासून वाचायला. मला पहिल्यांदा तिथे उभं राहून हे उमगलं तेव्हा फार आपलेपणा वाटला होता. वेगळ्या संकटावर त्या शेतकऱ्यांनीही शेवटी खुंटच बदलला होता.

तोडणीचा काळ असल्याने बोदेगात गडबड असेल. टूर दाखवणारी व्यक्ती मध्येच फोन घेईल, ट्रॅक्टर आला की तुम्हाला बाजूला व्हायला सांगेल. ते मनावर घेऊ नका. उलट अंगणात शिरताच आंबणाऱ्या रसाचा जो गोड-आंबट वास येईल तो वर्षाचे उरलेले महिने मिळत नाही. फसफसत असलेल्या मोठ्या लाकडी टाक्यांजवळ मात्र वाकून बघायचं नाही. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो खाली साचतो. तुम्हाला थांबा म्हटलं की थांबायचं.

आत जाण्याआधी दरवाज्याशी दोन गोष्टी दिसतील. एक, लाल-पांढऱ्या लाकडी सज्जांचा उंच मनोरा. बास्क भाषेत त्याचं नाव 'चोरी तोकी', पाखरांची जागा. दुसरी, वास्तुविशारद झाहा हदीद यांनी उभारलेला धातूचा चकचकीत मंडप, 2006 चा. त्याच्या पोटात एक जुना कोरीव लाकडी स्टॉल आहे. संस्थापक डॉन राफाएल यांनी तो 1910 च्या ब्रसेल्स प्रदर्शनासाठी करवून घेतला होता. पुढे सुटा करून ठेवलेला हा स्टॉल वारसांनी जपला, दुरुस्त केला आणि त्याच्याभोवती नवं घर बांधून घेतलं. काहींना हा मंडप तिथे खुपतो. मला आवडतो. पणजोबांचा स्टॉल मोडीत न काढता त्याला नवं छप्पर देणारी माणसं आत कशा वाइन करत असतील याची कल्पना बाहेरच येते.

बाबांसाठी या दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट वाइन नसून तिथला बॅरलचा कारखाना आहे. ही बोदेगा आजही आपली पिंपं स्वतःच्या आवारात बनवते आणि दुरुस्त करते. बुकिंगच्या मेलमध्येच लिहा की बरोबर एक सुतार आहेत, कारखाना पाहायला मिळेल का. अमेरिकेतून आणलेलं ओक उघड्यावर ऊन-पावसात मुरू देतात, मग पट्ट्या तासतात, मधे फुगीर आणि टोकांना निमुळत्या. पट्ट्या लोखंडी कड्यात उभ्या करून आत विस्तव पेटवतात, लाकूड तापून मऊ झालं की आवळत वळवतात. खिळा नाही, सरस नाही. झाकणाच्या जोडात पाणकणसाचं वाळलेलं पान दाबतात, ते फुगलं की फट बंद. बाबा तिथे काय काय विचारतील याची मी कल्पना करू शकते. भाषांतराला तुम्ही जवळ राहा. माझ्या गटातल्या एका काकांनी तिथल्या कारागिराच्या हातातलं तासणीसारखं हत्यार बघून "आमच्याकडेही असंच" एवढंच मराठीत म्हटलं होतं, आणि त्या माणसाने ते न विचारता त्यांच्या हातात दिलं.

तळघरात आईंसाठी शाल आणि पायांत घट्ट बसणारे बूट हवेतच. बाहेर ऊन असलं तरी आत वर्षभर थंडावा असतो, जमीन ओलसर असते आणि पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर तेही मेलमध्ये लिहा. आत भिंतींवर काळी बुरशी आणि छतापासून लोंबणारी जळमटं पाहून घरी कुणी म्हणेल, "अगं, किती दिवस झाडलं नाही." ती मुद्दाम ठेवलेली आहेत. बुचात अळ्या घालणारे पतंग कोळी खातात. बुरशीला ओल हवी असते, आणि ओल असली की बूच आणि लाकूड सुकत नाहीत. एका कोपऱ्यात लोखंडी जाळीमागे घराण्याच्या जुन्या बाटल्या ठेवलेल्या आहेत, त्या जागेला ते 'सेमेंतेरियो', म्हणजे दफनभूमी म्हणतात. दाखवली तर शांतपणे बघा, हात लावू नका.

आता तुमच्या धाकधुकीबद्दल. "आम्हाला कळेल का" या प्रश्नात अडचण अशी आहे की तुम्ही परीक्षेला निघाल्यासारखे निघाला आहात.

मी पहिल्यांदा रिओखातल्या एका जुन्या घरात गेले तेव्हा नाशिकमध्ये काम करत होते आणि पांढरी वाइन म्हणजे काय हे मला पक्कं ठाऊक होतं: फिकट, थंड, पेरू-लिंबाच्या वासाची, वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकायची. त्यांनी ओतलेली पांढरी वाइन तुपाच्या बेरीपेक्षा थोडी फिकट, सोनेरी होती. नाकाशी धरली आणि मी ठरवलं, ही उतरली आहे, हवा लागली आहे. तोंडावर काही बोलले नाही, पण अर्धा घोट घेऊन ग्लास बाजूला ठेवला. ओतणाऱ्या बाईंनी ते पाहिलं. त्या काही म्हणाल्या नाहीत, फक्त ग्लास कुणाला उचलून नेऊ दिला नाही. लाल वाइन झाल्या, वीस मिनिटं गेली, आणि त्यांनी खुणेने तो पहिला ग्लास पुन्हा घ्यायला सांगितला. तीच वाइन. आता तिच्यात भाजलेले बदाम होते, सुकलेल्या संत्र्याची साल होती, मध होता पण गोडी नव्हती, आणि मागे आजीच्या कपाटात ठेवलेल्या शालीसारखा काहीतरी वास. आणि जिभेच्या कडांना कैरीसारखा ताजा आंबटपणा, दहा-बारा वर्षांनंतरही जिवंत. मी तिला उतरलेली म्हटलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून गटातल्या प्रत्येकाला सांगते: पांढऱ्याचा ग्लास शेवटपर्यंत हातातून सोडू नका.

हे होतं कसं, ते समजून घेतलं की भीती जाते. टोंडोनियाची पांढरी मुख्यतः विऊरा या द्राक्षाची, थोडं माल्वासिया. ती वर्षानुवर्षं बॅरलमध्ये राहते. बॅरल जुनी असतात, त्यामुळे लाकडाची चव फार उतरत नाही. लाकडातून हवा मात्र अगदी थोडी थोडी आत जात राहते. एकदम लागलेली हवा वाइन बिघडवते, अशी कणाकणाने मिळालेली हवा तिला मुरवते. आपल्याला हे नवीन नाही. ताजं लोणचं आणि तीन वर्षांचं लिंबाचं लोणचं यांत कोणतं "बरोबर" असं आपण विचारत नाही. इतकी वर्षं मुरणं सोसायला वाइनमध्ये आंबटपणा लागतो, तो विऊरात भरपूर आहे.

लाल वाइनमध्ये तेम्प्रानियो हे द्राक्ष मुख्य, जोडीला गार्नाचा, ग्रासिआनो आणि मासुएलो. ग्लास तिरका करून कड बघा. तरुण वाइनची कड जांभळट असते, मुरलेलीची विटकरी. अमेरिकी ओकचा वास ओळखायला मराठी नाकाला अजिबात कष्ट नाहीत: सुकं खोबरं आणि व्हॅनिला. तुरटपणा जांभळाचा किंवा आवळ्याचा आठवा. मुरलेल्या वाइनमध्ये तो जांभळापेक्षा चहासारखा, मऊ झालेला असतो. पुस्तकात लिहिलेली ब्लॅकबेरी आणि सीडर शोधत बसू नका, जी आपण कधी खाल्ली-हुंगलीच नाहीत. कोकम, मनुका, चिंच, ओली माती, जुनं चामडं, जे सापडेल ते मराठीतच मोठ्याने म्हणा आणि मग भाषांतर करून सांगा. तिथल्या माणसांना ते फार आवडतं. कोकम म्हणजे काय हे मी तिथे निदान वीस वेळा समजावलं असेल.

बाटलीवरचे शब्द एकदा समजून घ्या. रिओखाच्या नियमांनुसार लाल 'क्रिआन्सा' किमान दोन वर्षं मुरलेली, त्यातलं निदान एक बॅरलमध्ये. 'रेसेर्वा' किमान तीन वर्षं, 'ग्रान रेसेर्वा' किमान पाच, त्यातली निदान दोन बॅरलमध्ये. हे घराणं त्याहून खूप जास्त थांबतं. त्यांची टोंडोनिया रेसेर्वा सुमारे सहा वर्षं बॅरलमध्ये असते, ग्रान रेसेर्वा सुमारे दहा. म्हणून तिथे "तुमची बेस्ट कोणती" असं विचारू नका. विचारा, "ग्रान रेसेर्वा कोणत्या वर्षी केली नाही, आणि का?" ती दर वर्षी होत नाही. हवामान, कापणी, घरातले निर्णय हे सगळं त्या एका उत्तरात येतं आणि सांगणारी व्यक्ती टूरचं पाठ केलेलं बोलणं सोडून मनापासून बोलू लागते. दुसरा चांगला प्रश्न: "या ग्लासातली वाइन बॅरलमध्ये गेली तेव्हा तुमच्याकडे काम कोण बघत होतं?" आता चौथी पिढी आहे, आणि त्या ग्लासात बऱ्याचदा आधीच्या पिढीचा निर्णय असतो.

थुंकण्याबद्दल. आपल्याला लाज वाटते, विशेषतः आई-वडिलांसमोर आणि परक्याच्या घरात. तिथे त्याचा अर्थ उलटा आहे, लक्ष देऊन चाखणारी माणसं थुंकतात. टेबलावर भांडं नसेल तर मागा. घोट तोंडात फिरवा, थोडी हवा आत ओढा, मग वाकून भांड्यात. घरी आदल्या दिवशी बेसिनपाशी पाण्याने चार वेळा सराव केलात तर तिथे संकोच राहणार नाही. सगळंच थुंकावं असं नाही, शेवटचा सगळ्यात आवडलेला घोट गिळाच. पण गाडी चालवणाऱ्याने एकही नाही. खरं तर गाडी नकोच, बिल्बाओहून आरोला बस आहे. त्या सकाळी अत्तर, परफ्यूम, वासाची हँडक्रीम कुणीही लावू नका. बंद तळघरात एकाचा परफ्यूम दहा जणांचे ग्लास घालवतो.

आईंचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि तो कुणी आपणहून सांगत नाही. रिओखातल्या जुन्या पद्धतीत लाल वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा बलक वापरतात. बलक गढूळपणा आणि जास्तीचा तुरटपणा धरून तळाशी बसतो, मग वरची वाइन काढून घेतात. ग्लासात अंडं येत नाही, पण प्रक्रियेत ते होतं. आईंना आधी सांगा आणि ठरवू द्या. तिथे जाऊन कळलं तर मनस्ताप होईल. बोदेगात सरळ विचारा, कोणत्या वाइनला बलक वापरता, कोणत्या नाही. ते नीट उत्तर देतात.

बाबांच्या हातात रिकामा ग्लास राहू देऊ नका. गावातल्या कुठल्याही बारमध्ये 'मोस्तो' मागा. हा न आंबवलेला द्राक्षरस, तिकडची मोठी माणसंही रोज पितात, कुणी वळून बघत नाही. बोदेगात तो असेलच असं नाही, म्हणून मेलमध्ये विचारून ठेवा.

जेवणाला वर गावात, ला एर्रादुरा म्हणतात त्या गल्ल्यांत जा. भाजलेल्या लाल मिरच्या, पांढरं अ‍ॅस्परॅगस, मश्रूम, पाव मिळेल. पण 'रिओखाची बटाट्याची भाजी' म्हणून जे येतं त्यात चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं. मिश्र भाज्यांतही हॅमचे तुकडे घालतात, तोर्तिया अंड्याची. "सिन हामोन, सिन वेवो" हे चार शब्द पाठ करा: हॅम नको, अंडं नको. आणि दशम्या-चटणी बरोबर असू द्याच.

आणायचं काय? परदेशातून येणाऱ्याला दोन लिटरपर्यंत मद्य जकातीशिवाय आणता येतं, म्हणजे माणशी साडेसातशे मिलीच्या दोन बाटल्या. माझा सल्ला: एक विन्या टोंडोनिया रेसेर्वा लाल आणि एक ग्राव्होनिया. ग्राव्होनिया ही त्यांची थोडी तरुण पांढरी, जुन्या पांढऱ्याच्या चवीची ओळख तिच्यापासून करावी. ग्रान रेसेर्वा मिळाली आणि खिशाला झेपली तर जरूर घ्या, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती कपाटावर ठेवणार असाल तर नका घेऊ. चाळीस अंशांच्या खोलीत दहा वर्षांची मेहनत एका मे महिन्यात जाते. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि दिवाळीपर्यंत उघडा.

उघडायच्या आदल्या दिवशी लाल बाटली उभी करा, गाळ खाली बसू द्या. बूच जुनं असतं, घाईने ओढू नका. तुटलंच तर स्वच्छ गाळणीतून ओता. पांढरी पिण्याआधी अर्धा तास फ्रिजबाहेर काढा, बर्फासारखी थंड असेल तर तिच्यातलं काहीच कळणार नाही. तिच्याबरोबर भाजलेले काजू ठेवा, किंवा खोबऱ्याच्या वाटणाची, फार तिखट नसलेली मश्रूमची भाजी. लाल वाइन तिखट रश्श्याबरोबर मात्र नको, तिखटात तिचा तुरटपणा कडू लागतो.

मेल आजच पाठवा. तोडणीच्या दिवसांत जागा लवकर भरतात. त्यात एवढं लिहा: चौघे, वाइन घेणारे तिघे किंवा दोघे, एक सुतार, एक अंडं न खाणाऱ्या, पायऱ्यांची अडचण असल्यास ती. आणि दुसऱ्या दोन बोदेगांना रद्द केल्याचं कळवा, तिथे दुसऱ्या कुणाला तरी ती जागा हवी असेल.